मॉरिशसमधलं वादळ: पाणी आधी भरा

मॉरिशसमध्ये चक्रीवादळाचा इशारा चार पायऱ्यांत येतो. पहिली पायरी, ताशी 120 किमी वाऱ्याचे झोत येण्याच्या 36 ते 48 तास आधी. खरेदी तेव्हाच उरकायची. तिसरीला दुकानं, बस सगळं बंद. पिण्याचं पाणी माणशी रोज 4 लिटर, निदान तीन दिवसांचं. छपरावरची टाकी काठोकाठ भरा, रिकामी टाकी वारा उचलतो.

इशारा वाऱ्याच्या वेगावर ठरतो, पावसावर नाही, हीच खरी गोम. जानेवारी 2024मध्ये बेलाल चक्रीवादळाच्या पावसात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. म्हणून गाडी आदल्या दिवशीच उंचावर लावा. वारा एकदम पडला तरी बाहेर पडू नका: तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो, पुढचा वारा उलट्या दिशेनं येतो.