राजदंड पुढे येईपर्यंत

गुरुवार, ६ मार्च २०२५, न्यू जर्सी

ज्यूंचा पुरीम सण पुढच्या गुरुवारी, १३ तारखेला सूर्यास्तानंतर सुरू होतोय. त्याच रात्री आपली होळी. अलिबागच्या इस्रायल आळीतली जुनी ज्यू माणसं पुरीमला ‘होळीचा सण’च म्हणत, त्यामुळे मला नवल नाही; स्टाफरूममध्ये मात्र ही माहिती सांगून मी भाव खाल्ला.

नाटक अर्थातच एस्तेरचं. पर्शियाच्या राजाची ही ज्यू राणी; हामान या प्रधानाचा ज्यूंना मारायचा कट तिने उधळला, त्याचाच हा सण. मुलं सहावी ते आठवीची, शाळा ज्यू, नाटकाच्या बाई मराठी. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, “मुलांना जरा धीट करा.” सोपंच की! शाळेच्या दारात बंदूकवाला पहारेकरी असतो. कुणी हल्लेखोर आला तर दारं लावून, दिवे मालवून चिडीचूप बसायची कवायत या पोरांना बालवाडीपासून पाठ आहे. त्यांना धीट व्हा म्हणून मी काय सांगणार?

एस्तेर करणारी मुलगी आठवीतली. तिच्या लेखी धीटपणा म्हणजे मोठा आवाज. राजाकडे जायचं ठरवताना एस्तेर म्हणते, ‘मग मी मेले तर मेले.’ ही ते मुठी आवळून ठोकायची, हमखास टाळीचं वाक्य असल्यासारखं. शेवटी विचारलं, सिनेगॉगमध्ये, म्हणजे तुमच्या प्रार्थनामंदिरात, हे कसं वाचतात गं? बात मित्स्वासाठी, म्हणजे मुलगी वयात आल्याच्या ज्यू सोहळ्यासाठी, ती वाचनाच्या चाली शिकली आहे. जराशी थांबली, मग गुणगुणली. एस्तेरची पोथी, म्हणजे मगिल्ला, एरवी चांगली ठसक्यात वाचतात. पण एवढे शब्द बऱ्याच ठिकाणी विलापगीताच्या चालीवर म्हणतात. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या उपासाला जी चाल असते, ती.

“म्हणजे ती घाबरलीये?” तिनेच विचारलं.

“बोलावल्याशिवाय राजापुढे गेलं की मरण. त्याने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच सुटका. तू नसतीस घाबरली?”

मग आज एक कारस्थान केलं. राजा झालेल्या मुलाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, दंड कधी पुढे करायचा ते तू ठरव, तिला कळू देऊ नकोस. (दंड म्हणजे सोनेरी रंग मारलेली पडद्याची दांडी.) पहिल्यांदा त्याने लगेच केला. दुसऱ्यांदा इतका वेळ लावला की हामानचं नाव आलं की फिरवायचे ग्रॅगर, म्हणजे करकरणारे खुळखुळे, घेऊन बसलेल्या सहावीच्या पोरांची करकरसुद्धा थांबली. ती मधोमध उभी. हातांचं काय करावं सुचेना. बाहीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एकदा दाराकडे वळून पाहिलं. पाऊल मात्र मागे घेतलं नाही. तिसऱ्यांदा त्या पठ्ठ्याने दंड पुढे केलाच नाही! ती थांबली, थांबली आणि सरळ बोलायलाच लागली, मेजवानीच्या प्रवेशातलं, आपल्या लोकांचा जीव मागतानाचं वाक्य. आवाज कापत होता, पण वाक्य पुरं केलं.

कथेत हे बसत नाही. पुरीमच्या नाटकात फेरफार, थट्टामस्करी सगळं चालतं. हा फेरफार थट्टेचा नाही, एवढीच अडचण. ठेवायचा मोह होतोय.

जेवणाच्या सुट्टीत यानुश कोर्चाक या पोलंडमधल्या ज्यू डॉक्टर-लेखकाचा विषय निघाला. नाव मुलांना माहीत होतं. वॉर्सा घेटोमधल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या, त्याच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ केलं होतं, हे नव्हतं. ऑगस्टच्या सुरुवातीला ती मुलं आणि त्यांच्याबरोबर कोर्चाकही ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत पाठवले गेले. राजा म्हणाला, “मग नाटक करून काय मिळालं त्यांना?” जिभेवर एक उत्तर आलं होतं, कलेबिलेचं. गिळून टाकलं. सहावीतल्या एकाला भलतंच हवं होतं: ‘डाकघर’मधल्या आजारी मुलाचं, अमलचं, काम करणाऱ्या मुलाला पाठांतर किती होतं? खूप, म्हटलं. अमल जवळजवळ सगळा वेळ मंचावरच असतो. विचारणारा बराच वेळ सँडविच हातात धरून बसला आणि म्हणाला, “माझी तर चारच वाक्यं आहेत.”

उद्या शुक्रवार, संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, शाळा लवकर सुटणार. तेवढ्यात मेजवानीचा प्रवेश उरकायचा आहे. राजाला मी अजून काही ताकीद दिलेली नाही, मुद्दामच. हामानची दाढी चिकटत नाहीये, तो घोर वेगळाच.