मधला शनिवार

शनिवार, रात्री पावणेअकरा

आज ह्यांचं डायलिसिस. अंगात पाणी साचून वजन साडेतीन किलो वाढलेलं. सिस्टर मलाच रागावल्या. काल उपास सोडताना ह्यांनी कलिंगडाच्या दोन फोडी खाल्ल्या, मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. अडीच वर्षं पाणी मापानं देते आहे. एप्रिलच्या उकाड्यात एखाद्या दिवशी हात आखडता घेववत नाही.

काल गुड फ्रायडे, बारा ते तीन मी चर्चमध्ये होते. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांपैकी चौथा आला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ ही बायबलमधल्या 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ, लहानपणापासून पाठ. काल प्रथमच लक्षात आलं की वधस्तंभावरच्या त्या ‘का’ला तेव्हा वरून काही उत्तर आलेलं नाही.

आणि मी दोन वर्षं ‘का’ विचारल्याबद्दल क्षमा मागत बसले! घरी प्रार्थनेला येणाऱ्यांतल्या एकीनं तर सांगितलं, बाई, एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल. चहा दिला तिला. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तेवढंच त्यांनी शहाणपणाचं केलं. तोंडं उघडली नि घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. तक्रार करणाऱ्या ईयोबाला म्हणाला, हा बरोबर बोलला.

मशीन सुरू असताना 88 वं स्तोत्र वाचलं. त्याचा शेवट अंधारातच होतो, मूळ इब्रीत, म्हणजे हिब्रूत, शेवटचा शब्दही अंधारच. तरी कुणी ते बायबलमधून काढून टाकलं नाही.

मग पंडिता रमाबाई आठवल्या. दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, भाऊ. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पटकीनं नवराही. 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा. पुढच्या 5 एप्रिलला केडगावला त्या स्वतःही वारल्या. इब्री आणि ग्रीक शिकून संबंध बायबल त्यांनी मराठीत आणलं. संडेस्कूलमध्ये आम्हाला त्या कधी रडताना दाखवल्या नाहीत. पण बायबलमधलं विलापगीत मराठीत लिहिताना त्या बाईला शब्द शोधावे लागले असतील, असं मला वाटत नाही.

किडनीच्या यादीत ह्यांचं नाव आहे. ती आशा वेगळी, तिला नंबर असतो. दुसरीला नाव देता येत नाही. भांडायला समोर कुणीतरी आहे आणि तो उठून गेलेला नाही, इतपतच मला ती कळते. पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, हे आज ह्यांच्या फिस्टुलाच्या, डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हाताकडे बघताना फार जवळचं वाटलं.

आत्ता झोपेतून विचारत होते, “पहाटे ईस्टरच्या उपासनेला उठवशील ना?”

म्हटलं, “आधी वजन करू.”

गजर साडेतीनचा लावलाय. पांढरा सदरा इस्त्री करायचा राहिलाय.