वीस वर्षं, चार महिने

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील म्हणून काम करताना घरातून काढलेलं पोर समोर आलं की मी आधी वय विचारते, मग बाकीचं. हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वय २० वर्षं ४ महिने. हातात मोबाइल आणि पेपरातल्या जाहीर नोटिशीचं कात्रण: ‘माझा मुलगा माझ्या सांगण्याबाहेर गेला असून त्याच्याशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही. त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.’ आपण गे आहोत हे त्यानं दिवाळीत घरी सांगितलं होतं. सहा दिवस खोलीला बाहेरून कडी. सातव्या दिवशी चुलतभावानं ती काढली. फीची मुदत शुक्रवारी संपत होती.

“मॅडम, पप्पांना फी भरायला लावता येईल ना?”

नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा २०१८ चा निकाल या मुलांना पाठ असतो. त्यानं गुन्हा गेला, पण पोटगीचा कायदा होता तिथंच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुनं १२५, अपत्याला १८ पर्यंतच पोटगी देतं; पुढे फक्त शारीरिक वा मानसिक अक्षमता असेल तर. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली मुलगा सज्ञान झाला की बापाची जबाबदारी संपते. त्याच्या जागी त्याची बहीण असती, तर अविवाहित आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणारी म्हणून तिला याच कलमाखाली शिक्षणासकट निर्वाह मागता आला असता, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घरात राहण्याचा आदेशही. मुलगा म्हणून याला दोन्ही दारं बंद. मला हा फरक आज निरर्थक वाटतो; पण युक्तिवाद असलेल्या कायद्यावरच करावा लागतो.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईनं गावच्या ठाण्यात मिसिंग नोंदवली होती. इथं बहुतेक मुलं घाबरून फोन बंद करतात आणि तपास वाढतो. आम्ही त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात जाऊन जबाब दिला: मी सज्ञान आहे, स्वखुशीनं राहतो, कुणी डांबलेलं नाही. सोबत दहावीचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा म्हणून. सध्याचा पत्ता वेगळ्या कागदावर दिला आणि तो घरच्यांना कळवू नये असं जबाबातच लिहून घेतलं. ही एक ओळ लिहायची राहिली की दुसऱ्या दिवशी चार काका हॉस्टेलच्या गेटवर उभे असतात. जबाबाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी ठाण्यातून हलत नाही. प्रकरण हेबियस कॉर्पसपर्यंत, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा अशा याचिकेपर्यंत गेलंच, तर देवू नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ मार्च २०२४ ला सांगितलंय की न्यायाधीशांनी घरच्यांना बाहेर ठेवून त्या व्यक्तीशी बोलावं, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये.

कोंडून ठेवणं मात्र गुन्हाच. तीन दिवस किंवा अधिक असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो म्हणाला, “केस नको मॅडम. फी हवी.” मी आग्रह केला नाही. फक्त तारखा, वेळा आणि त्या दिवसांतले मेसेज लिहून ठेवायला लावले.

बुधवारी वडील आले, सातबारा घेऊनच. त्यांना भीती जमिनीची होती. फेरफार पाहिले: तीन एकर आजोबांनी १९७४ मध्ये खरेदीखतानं घेतलेली; ते १९९१ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. म्हणजे वडिलांच्या वाट्याला आलं ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ नं, ती त्यांची स्वतंत्र मिळकत. मुलाचा त्यात जन्मानं हक्क नाही. घराण्याची जमीन १९५६ च्या आधीच पणजोबांकडून आजोबांकडे आली असती, तर हिशेब वेगळा झाला असता आणि पेपरातल्या नोटिशीनं तो हक्क पुसला गेला नसता. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द घरोघरी वापरतात. फेरफार फार थोडे जण वाचतात.

“मग कायद्यानं मला काहीच द्यायचं नाही?”

“नाही. आणि तुम्हाला उद्या सांभाळता येईना झालं, तर त्यानं तुम्हाला पोटगी द्यायची. तेच कलम १४४. नोटिशीनं तेही सुटत नाही.”

ते बराच वेळ सातबाऱ्याची घडी घालत बसले. फीबद्दल बोलले नाहीत.

फीचं कॉलेजातच सुटलं, अर्धवट. प्राचार्यांना हप्त्यांसाठी अर्ज दिला, जबाबाची पोच जोडून; तीन हप्ते मिळाले, पहिला मामानं भरला. शैक्षणिक कर्ज ठराविक रकमेपर्यंत तारणाशिवाय मिळतं, पण बँक पालकाला सहकर्जदार मागते; मामा चालेल का, ते शाखेवर अवलंबून. शिष्यवृत्तीचं घोडं उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलंय, कारण तो कुटुंबाच्या उत्पन्नाचा लागतो आणि वडील कागद देत नाहीत. गुणपत्रिका डिजिलॉकरमधून निघाल्या. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी शनिवारी चुलतभावाच्या हाती आल्या, डब्याच्या पिशवीत, चिवड्याच्या पुडीखाली. आईनं पाठवल्या होत्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलदारांकडे वेगळा अर्ज केलाय, आज अकरावा दिवस.