मास्तरांनी चाल कुणासाठी बांधली?

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव निघालं की पुण्यातली जुनी मंडळी त्यांच्या मैफलींबद्दल बोलतात. साहजिक आहे. १८९८ साली आळंदीत जन्म, लहानपणीच नाटक कंपनीत गाणाऱ्या भूमिका आणि मग भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू. १९२२ साली बुवा गेले, त्यानंतर बुवांनी स्थापन केलेल्या भारत गायन समाज या संगीतसंस्थेचं काम मास्तरांनी पुढे नेलं. पण मला मास्तर सगळ्यात मोठे वाटतात ते इतरांसाठी चाली बांधताना. गाणार कोण, वाजवणार कोण, हे आधी पाहायचं आणि मग चाल ठरवायची, ही त्यांची रीत त्यांच्या कामात मला सारखी दिसते.

मी शाळेत संगीत शिकवते, शाळेचा बँडही माझ्याकडेच आहे. त्यामुळे मास्तरांच्या ‘वंदे मातरम्’कडे मी बँडवाल्याच्या नजरेनं बघते.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणतं यावर चर्चा चालली होती. ‘वंदे मातरम्’बद्दल एक मोठी अडचण सांगितली जायची, की ते वाद्यवृंदावर, बँडवर नीट बसत नाही. पंडित नेहरूंनीही ऑगस्ट १९४८ मध्ये ‘जन गण मन’ची बाजू मांडताना वाद्यवृंदाचाच मुद्दा पुढे केला होता. मास्तरांनी यावर भाषणबाजी केली नाही. त्यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटी रागात बांधलं, बँडच्या जाणकारांना बरोबर घेऊन ते बँडवर बसवलं आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांना ऐकवलं.

हे काम किती अवघड आहे ते बँड शिकवताना कळतं. ख्याल गाणारा माणूस मींडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर, आणि कणांवर, म्हणजे सुराला निसटता लागणाऱ्या शेजारच्या सुरांवर जगतो. बँडमध्ये मींड जवळजवळ नाहीच. बिगुलावर मुख्यतः सा, ग, प एवढेच स्वर हाती लागतात. क्लॅरिनेटवाला कागदावरचा ‘सी’ वाजवतो तेव्हा ऐकू येतो बी-फ्लॅट, म्हणजे प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी लिहून द्यावी लागते. सगळ्यांनी एका ठोक्यावर उठायचं, एका ठोक्यावर थांबायचं आणि मध्ये श्वास कुठे घ्यायचा तेही आधीच ठरवायचं. आलापाला जागा नाही, सुचेल तसं वळायला वाव नाही.

अशा ठिकाणी झिंझोटी निवडण्यात मास्तरांची नजर दिसते. निषाद कोमल, बाकी सगळे स्वर शुद्ध. ‘ध सा रे म ग’ हा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवतापासून चढणारा तुकडा कानाला लगेच ओळखू येतो आणि मींड काढून टाकली तरी रागाचं रूप हरवत नाही. शिवाय सूर गंभीर राहतो. शाळेतल्या मुलांना मी हा तुकडा आधी गायला लावते, मगच वाद्य हातात देते. पाचवी-सहावीच्या मुलांनाही तो चटकन येतो.

२४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. मास्तरांची चाल अधिकृत झाली नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. या गीतासाठी त्यांनी आधीही सोसलं होतं. मुंबई रेडिओवर ते म्हणायला सुरुवात केली तेव्हा मध्येच प्रक्षेपण तोडलं गेलं होतं आणि त्यांनी रेडिओवर गाणंच सोडलं होतं. १९४७ साली सरदार पटेलांच्या बोलावण्यावरून ते पुन्हा रेडिओवर गायले.

बँडच्या आधी त्यांनी हीच नजर सिनेमात आणि नाटकात दाखवली होती. ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीत ‘धर्मात्मा’पासून ‘शेजारी’पर्यंतचं त्यांचं काम ऐका. ‘माणूस’मध्ये मैना या वेश्येच्या भूमिकेतल्या शांता हुबळीकरांचं ‘कशाला उद्याची बात’ आहे. समोरच्या गिऱ्हाइकांप्रमाणे भाषा बदलत जाते, तिच्याबरोबर चालीचा ढंगही बदलतो आणि गाणं मात्र एकच राहतं. ख्यालगायकीचा एवढा मोठा साठा असलेल्या माणसानं इथे तान पुढे येऊ दिलेली नाही, कारण गाणारी ती मैना आहे. १९४२च्या ‘कुलवधू’त ज्योत्स्नाबाई भोळ्यांना ‘बोला अमृत बोला’ दिलं ते भैरवीत. मैफलीत शेवटी म्हणायची भैरवी त्यांनी शुभारंभाच्या पदाला लावली आणि ज्योत्स्नाबाईंच्या गळ्यात ती प्रसन्न वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विनंतीवरून मास्तरांनी बुद्धवंदनेला चाल लावली, तेव्हा तर गाणारे कुणीही असणार होते. म्हातारी माणसं, लहान मुलं, कधी पेटीसमोर न बसलेले. म्हणून ती चाल झेपणारी आहे, मोठा समूह एकत्र म्हणू शकेल अशी. पालीतले शब्द मात्र स्वच्छ ऐकू येतात. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आणि विहारांमध्ये बुद्धवंदना चालते तेव्हा मास्तरांचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

१९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७४ साली पुण्यात ते गेले. यंदा शाळेत झिंझोटीतलं पहिलं कडवं बसवायला घेतलं आहे. मुख्य चाल क्लॅरिनेट आणि बासऱ्यांना, बिगुलांना फक्त षड्ज-पंचम, आणि साइड ड्रम दुसऱ्या ओळीपासून.