तळ वर सरकतो तेव्हा: वर्सोव्याच्या बोटीवर एक रात्र

फिशफाईंडर म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर तळ जाड लाल पट्ट्यासारखा दिसतो. सव्वासहाच्या सुमारास त्यावरून एक पुसट निळी साय सुटली आणि हळूहळू वर चढू लागली. "तल नाय तो, जवला हाय," बोटीचे प्रमुख तांडेलकाका म्हणाले आणि चहाकडे वळले. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी. मी पाऊण तास तिथून हललो नाही.

आम्ही १६ वाव पाण्यात होतो, म्हणजे जेमतेम ३० मीटर. आवाज समुद्रात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, त्यामुळे तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात परत येतो. थर वर चढण्याचा खरा खेळ मात्र खूप खोल पाण्यात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या सोनारला (प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राला) काहीशे मीटरवर 'खोटा तळ' दिसायचा. तो संध्याकाळी वर येतो आणि उजाडताना खाली जातो, हे सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी १९४५ मध्ये दाखवलं. तळ कसला, जिवंत थर होता तो! अरबी समुद्रातल्या अशा थरांत कंदीलमासे (अंगातून उजेड देणारे छोटे मासे) भरपूर असतात. दिवसा ते शिकाऱ्यांच्या नजरेआड, जवळपास प्राणवायू नसलेल्या पाण्यात दडतात. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज जोरात परततो. बोंबलाला ती पिशवीच नाही, म्हणून आपला लाडका बोंबील सोनारला फिकाच दिसतो.

मुंबईहून तो खोल थर एका रात्रीत गाठता येत नाही. इथला किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ सुमारे ३०० किलोमीटर पसरलाय. छोट्या बोटीवर जवळ्याच्या थरावरच समाधान मानायचं.

जाणार असाल तर वद्य अष्टमीच्या आसपास जा. चंद्र मध्यरात्री उगवतो, त्यामुळे संध्याकाळ काळोखी मिळते. चांदण्यात हे जीव वर यायला कचरतात. शिवाय भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. प्रवाहाच्या जोरावर चालणारी डोल जाळी लावणाऱ्यांना तेव्हा काम कमी, त्यामुळे तांडेलही गप्पांना मोकळा. अमावास्येला काळोख मिळेल, पण उधाणात बोट जी हलते! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा विचारूही नका. आधार कार्ड जवळ ठेवा. फिशफाईंडरवर आवाजाची वारंवारता २०० किलोहर्ट्झ लावायला सांगा. ५० वर बारीक थर नीट सुटत नाही. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पडद्यासमोर बसा.

आणि उलटीची गोळी दुपारीच घ्या. मी रात्री घेतली. पहाटे थर खाली उतरताना पाहायचं ठरवलं होतं. काकांनी हलवून उठवलं तेव्हा पडद्यावर नुसता लाल तळ उरला होता.