आमची वाटचाल : एक हब सुटा, एक अडकलेला

कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या मुक्कामाच्या ट्रेलरच्या, चाकांना मोटर लावायची कल्पना मुंबईत पहिली कुणाची, यावर हल्ली आमच्या धंद्यात बरंच बोललं जातं. त्यात आमचं नाव कुणी घेत नाही. म्हणून लिहायला बसलो.

वडिलांनी कुर्ल्यात गाळा घेतला तेव्हा ग्रिल, गेट आणि हातगाड्यांची फुटकळ कामं होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी आमच्या राजकोटी लेथच्या चकपर्यंत चढलं. ती लेथ उघडून रॉकेलने धुतली, आजही चालते. पुढची पंधरा वर्षं गोरेगावच्या शूटिंगवाल्यांसाठी जनरेटरच्या ट्रॉल्या बनवल्या. पैसे मिळाले, घर झालं. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

२०२० मध्ये शूटिंग बंद पडलं तेव्हा गाळ्यात मी, चाचा आणि अर्धवट राहिलेल्या चार चासी. चाचा वडिलांच्या वेळचे वेल्डर. त्यांचा काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. कोपऱ्याला एक सूत फरक पडला तर टाका कापायला लावतात, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

त्या दिवसांत दादरचे एक डोळ्यांचे डॉक्टर आले. मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या अलीकडे त्यांची जमीन आहे. जुनी जिप्सी जीप होतीच, मागे जोडायला कॅम्पर हवा होता. वर तंबू, मागे ओटा, खाली पाण्याची टाकी. आम्ही करून दिला. पहिल्याच पावसाळ्यात भातखाचराच्या कडेला तो आसापर्यंत (अ‍ॅक्सलपर्यंत) रुतला. जिप्सीची चारही चाकं फिरताहेत आणि ट्रेलर नांगरासारखा जमिनीत शिरतोय. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने काढला. डॉक्टर सोमवारी गाळ्यावर आले ते चिखलाच्या बुटांनीच. म्हणाले, "अहो, ओझं ओढण्यापेक्षा त्या ओझ्यालाच पाय द्या की!"

आधी माप घेतलं. दारुखान्याच्या भंगारबाजारातून घेतलेला क्रेनचा टांगता काटा माझ्याकडे होता. तो जीप आणि ट्रेलरच्या मध्ये साखळीने अडकवला, म्हणजे ओढायला किती जोर लागतो ते कळतं. भरलेला ट्रेलर ११०० किलोचा. सपाट डांबरावर काटा २०-२५ किलो दाखवायचा. खाचरात २६०. आणि डॉक्टरांच्या चढावर, साधारण पाचास एक असा चढ, ४८०. नव्या मुलांना मी सांगतो, कॅटलॉग वाचण्याआधी काटा लावा. कुणी लावत नाही.

पहिला प्रयोग ई-रिक्षाच्या मागच्या आसाचा. तयार मिळतो, मोटरसकट. पण त्याचा गिअर ताशी २५ किलोमीटरच्या गाडीसाठी केलेला. चिखलात तीनच्या वेगाने ४८० किलोचा निम्मा भार ढकलायचा म्हणजे मोटर जागच्या जागी तापणारच. दहा मिनिटांत कंट्रोलरने मान टाकली.

मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या जुन्या भागांच्या बाजारात फिरताना जिप्सीचा पुढचा आस दिसला आणि डोकं चाललं. पुढचा का? तर त्याला फ्रीव्हीलिंग हब असतात. हाताने फिरवलं की चाक शाफ्टपासून सुटं, उलट फिरवलं की पक्कं. म्हणजे हायवेवर ट्रेलर साधा ट्रेलर, चिखलात मोटरचा. स्टिअरिंगचे नकल, म्हणजे चाक वळवणारे सांधे, पट्ट्या मारून सरळ जखडले. चाकांमधलं अंतरही जीपच्या जवळपास, त्यामुळे ट्रेलर जीपने पाडलेल्या चाकोरीतूनच येतो. या एका गोष्टीने निम्मं काम हलकं होतं, पण रुंद ट्रेलर मागणाऱ्यांना ते पटवून सांगताना घसा कोरडा पडतो. वर ४८ व्होल्टची तीन किलोवॅटची मोटर, शंभर अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला वर्म गिअरबॉक्स. वर्मला मोटरकडून चाक फिरवता येतं, चाकाकडून मोटर फिरवता येत नाही. चढावर ट्रेलर आपोआप धरून राहतो म्हणून आम्ही खूश होतो.

दुसरी अडचण ढकलण्याची. मागचा ट्रेलर जीपपेक्षा जोरात निघाला तर वळणावर जीपलाच आडवी करतो. डॉक्टरांनी जुनी इंग्रजी मासिकं आणून दाखवली. ब्रिटिश सैन्यासाठी १९७० च्या दशकात लँड रोव्हरची १०१ फॉरवर्ड कंट्रोल आली, तिच्या गिअरबॉक्समधून शाफ्ट काढून मागच्या ट्रेलरची चाकं फिरवायची सोय केलेली. आडव्या उतारावर ट्रेलर ढकलून गाडीच पालथी करायचा. आम्ही कपलिंगमध्ये स्प्रिंगवर सरकणारा दांडा घातला. दांडा ताणात असेल तरच मोटरला करंट, दाबात आला की बंद. ट्रेलर तिरका झाला तरी बंद. चाचांनी त्या दांड्याची नळी तीन वेळा कापून नव्याने केली.

डॉक्टरांचा ट्रेलर २०२१ च्या पावसात तोच चढ चढला. लगेच दुसरी ऑर्डर आली, ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाची.

आता जे सांगतो ते आमच्या बाबतीत लोक अर्धवट सांगतात. २०२२ चा सप्टेंबर. ते गिऱ्हाईक चिखलातून बाहेर आलं, एका बाजूचा हब सोडला, दुसरा सोडायचा राहिला. दोन्ही अडकलेले राहिले असते तर चाकं तिथल्या तिथे घसरली असती आणि पन्नास फुटांत कळलं असतं. एकच अडकलेला असला की काहीच कळत नाही. वर्मने डिफरन्शियल, म्हणजे आसाच्या मधली दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरपेटी, धरून ठेवलेलं, अडकलेल्या बाजूचा शाफ्ट पुढे फिरतोय, सुटलेल्या बाजूचा तेवढाच मागे, आणि आतले छोटे स्पायडर गिअर, जे फक्त वळणावर जरासे हलायला असतात, ते ताशी साठच्या वेगाला गरगरताहेत. नाशिक हायवेवर चाळीसेक किलोमीटर असं चाललं. मग आतली पिन जळून चिकटली आणि चाक जाम. टायर एका जागी घासून सपाट, ट्रेलर फिरला, डिव्हायडरला आपटला. माणसं वाचली. गाडीचं मागचं दार गेलं.

चूक गिऱ्हाइकाची, असं मी चार दिवस सगळ्यांना सांगत होतो. पाचव्या दिवशी चाचांनी हौसिंग उघडलं, निळी पडलेली पिन माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "बेटा, इन्सान तो भूलेगा." त्यावर मला बोलता आलं नाही.

ट्रेलरचे पैसे परत, दाराचं बिल, वर दोन नव्या ऑर्डरींचे टोकन परत. तीन जनरेटर ट्रॉल्यांची कमाई त्यात गेली आणि गाळ्याचं भाडं चार महिने थकलं. आमच्याकडे तीन वर्षं काढलेला फिटर याच काळात सोडून गेला. त्याने कुणाकडे काय नेलं हे मला माहीत आहे. सहा महिन्यांत भिवंडी बायपासकडच्या एका गाळ्यातून तसाच ट्रेलर बाहेर पडला, "जगात पहिल्यांदा" अशी पाटी लावून. जगाचं सोडा. जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीने २०२१ मध्ये मोटर लावलेला कॅराव्हॅन इलेक्ट्रिक गाडीमागे जोडून आल्प्स ओलांडून दाखवला. मी फक्त कुर्ल्याचं बोलतो. आणि त्यांच्या दांड्यात स्प्रिंग नाही, स्वतः वाकून बघितलं आहे.

त्या सप्टेंबरातच एका रविवारी डॉक्टर त्यांचा ट्रेलर घेऊन आले. मला वाटलं, हाही परत. त्यांनी जॅक स्वतःच काढला आणि म्हणाले, "माझाही उघडा. आणि जे कराल ते आधी माझ्यावर करा."

वर्म काढला, प्लॅनेटरी गिअरबॉक्स बसवला. तो उलटाही फिरतो, त्यामुळे चढावर धरायला वेगळा हँडब्रेक द्यावा लागला. दोन्ही शाफ्टवर दातेरी कडी आणि जवळून दाता गेला की ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर. मोटर बंद असताना कुठलाही शाफ्ट फिरला की जीपमध्ये भोंगा वाजतो, आणि तो ऐकवत नाही इतका कर्कश मुद्दाम ठेवला आहे. डॉक्टरांनी भोंग्यासकट पहिली फेरी मारली आणि नातवाने कान झाकल्याचं सांगून पूर्ण बिल दिलं.

कागदांचं लफडं वेगळं. एका कार्यालयात विचारलं, याला मोटर आहे, मग हा ट्रेलर कसा? मी १९८८ चा कायदा उघडून दाखवला. मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर आधीपासूनच धरलेला आहे. साहेबांनी चष्मा पुसला आणि पुढच्या महिन्यात या म्हणाले. तोवर आमची मोटर फक्त खासगी जमिनीवर चालते, रस्त्यावर हब सुटे.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बॅटरी आसाच्या मागे ठेवू नका, हुकवरचं वजन ट्रेलरच्या सात ते दहा टक्के राहू द्या, नाहीतर हायवेवर शेपूट हलेल. आणि मोटरमुळे दीडशे किलो वाढतात, ते चढावर आधी वसूल होऊ द्या, मग वर आणखी सामान चढवा. बाकी निम्मी गिऱ्हाइकं बॅटरी फ्रिजसाठीच वापरतात, ते मी मान्य केलं आहे.

गेल्या महिन्यात त्या भिवंडीकडच्या गाळ्यातून फोन आला. आवाज ओळखीचा. "शेठ, सेन्सर दात्यापासून किती लांब ठेवता?" दोन मिलिमीटर, मी सांगितलं. चिखल धुतल्यावर पुन्हा तपास, हेही सांगितलं. चाचा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.