दहा मीटरांच्या आतला खेळ

बडोद्यातील आमच्या घरामागचे परस २२ फूट रुंद आणि ३४ फूट लांब आहे. एवढ्या जागेत एक आंबा, एक शेवगा, तुळशीवृंदावन, कपडे वाळत घालायच्या तीन तारा, धुण्याचा दगड आणि वडिलांची जुनी सायकल असा संसार पूर्वीपासून मांडलेला होता. गेली काही वर्षे त्यातच आम्ही डिस्क गोल्फ खेळत आहोत. हे ऐकल्यावर ज्यांना हा खेळ ठाऊक नाही ते सौजन्याने विषय बदलतात आणि ज्यांना ठाऊक आहे ते हसतात. हसणाऱ्यांचे चुकते असे मला म्हणता येत नाही. या खेळात चेंडू आणि काठीऐवजी हाताने फेकायची तबकडी असते, जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली साखळ्यांची टोपली असते, आणि ठरलेल्या ठिय्यावरून सुरुवात करून, तबकडी जिथे पडेल तिथून पुन्हा फेकत, कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची असते. खऱ्या मैदानावर ठिय्यापासून टोपलीपर्यंतचे अंतर सहज ६० ते १२० मीटर असते. आमच्या परसाचा कर्ण, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, १२ मीटरांहून किंचितच अधिक भरते.

मुलगी दोन वर्षे शिकायला फिनलंडमध्ये होती. तिथे हा खेळ गावोगावच्या झाडीत चालतो. परत येताना तिने लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांबरोबर तीन तबकड्या आणल्या : लांब फेकीसाठी ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी मिडरेंज आणि टोपलीजवळ वापरायचा पटर. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या पायरीवरून ड्रायव्हर फेकला. तो कुंपणाची भिंत ओलांडून शेजारच्या अगाशीत गेला (आमच्याकडे गच्चीला अगाशीच म्हणतात), आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून शेजारच्या बेनचा आवाज आला, "तमारी थाळी आवी गई." तेव्हापासून आमच्या घरात तबकडीचे नाव थाळी पडले ते पडलेच.

ड्रायव्हर आमच्या उपयोगाचा नाही हे त्याच दिवशी कळले. का नाही, हे कळायला मात्र मला काही महिने लागले. उजव्या हाताने छातीपासून बाहेरच्या बाजूला, म्हणजे बॅकहँड, फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. तिचा वेग ओसरू लागला की हवा तिची पुढची कड वर उचलू पाहते. पण फिरत्या भोवऱ्याला ढकलावे तर तो जसा ढकललेल्या दिशेला न जाता भलत्याच अंगाला कलतो, तशी ती पुढून वर न उचलली जाता डाव्या अंगाला झुकते आणि डावीकडे वळून पडते. ड्रायव्हरची कड रुंद आणि निमुळती असते व तो मोठ्या वेगासाठीच घडवलेला असतो, त्यामुळे हळू फेकला तर तो हातातून सुटल्यासुटल्या डावीकडे कोसळतो, आणि त्याला हवा तेवढा वेग द्यावा तर शेजारधर्म मोडतो. आई सध्या तो पाण्याच्या माठावर झाकण म्हणून वापरते आणि त्या कामात तो चोख आहे.

राहिला पटर. त्याची कड बोथट आणि पोट खोल असते, म्हणून तो सावकाश फेकला तरी बराच सरळ जातो. त्याच्या पाठीवर १७५ हा आकडा छापलेला आहे आणि तो ग्रॅममधला आहे. तबकडीचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा, वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि एकूण २०० ग्रॅमच्या वर जाऊ नये असा या खेळाचा नियम आहे. म्हणजे २१ सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठी तबकडी १७५ ग्रॅमवर थांबते. या हिशेबाचे मला इतके समाधान वाटले की मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर घालून पाहिली. काटा १७४ दाखवतो.

नियमांच्या याच वाचनात ती गोष्ट सापडली जिच्यामुळे आमच्या खेळाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. टोपलीभोवती १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ असल्याचे मानतात. त्या वर्तुळाच्या आतून फेकताना, फेक झाल्यावर तोल सावरून उभे असल्याचे दिसल्याशिवाय खेळाडूने आपल्या खुणेच्या, म्हणजे तबकडी पडली होती त्या जागेच्या, पुढे पाऊल टाकायचे नसते. धावत येऊन तबकडी टोपलीत नेऊन टाकण्याची सोय राहू नये हा त्यामागचा हेतू. मी फीत घेऊन मोजले. टोपली कुठेही उभी करा, दोन टोकांचे कोपरे सोडले तर आमचे अख्खे परस त्या वर्तुळात मावते. म्हणजे आम्ही खेळतो ते लहान आकाराचे डिस्क गोल्फ नव्हे. मोठ्या खेळाचा जो शेवट, तो आणि तेवढाच आम्ही खेळतो. शंभर मीटर फेकण्यात जे बळ आणि जी ऐट लागते तिला आमच्याकडे थारा नाही. मोठ्या मैदानावर मुलीने एका दमात ९० मीटर कापले आणि मग ७ मीटरांवरून दोनदा चुकली, तर तिच्या वहीत त्या ९० मीटरांसाठी एक फेक लिहिली जाते आणि ७ मीटरांसाठी तीन. आम्ही त्या तीन फेकींचे रहिवासी आहोत.

टोपली बनवण्याची हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण निम्मे वर्ष त्यातच गेले. या खेळात साखळ्यांची टोपली आली ती कॅलिफोर्नियातल्या एड हेड्रिक यांच्यामुळे. ते मूळचे फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीतले. फ्रिस्बीच्या पाठीवरच्या गोल कंगोऱ्यांचे पेटंट त्यांचेच. १९७५ मध्ये त्यांनी ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान आखले तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. नंतर त्यांनी खांबाला साखळ्या आणि खाली टोपली लावली. (२००२ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या घडवल्या गेल्या. हे आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "निदान पडून तरी राहिले नाहीत.") आम्हीही प्रथम शेवग्याच्या बुंध्याला लाल पट्टी बांधून खेळलो आणि थाळी लागली की नुसती चाटून गेली यावर दर खेपेला भांडलो. त्यानंतर मी बांबूभोवती नायलॉनची दोरी ताणून एक पिंजरा केला. थाळी त्यावर आपटून आली तशी परत जाई.

चूक ताणण्यात होती. साखळी सैल लोंबत असते, म्हणून थाळी आदळल्यावर ती हलते, मागे सरते, आणि त्या हलण्यात थाळीचा वेग जिरवून टाकते; मग थाळीला खाली पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मांडवीजवळच्या दुकानात मी बारीक लोखंडी साखळी किलोच्या भावाने मागितली तेव्हा दुकानदाराने "हिंचका माटे?" असे विचारले आणि झोपाळ्याला ही तग धरणार नाही म्हणून जाड साखळी पुढे केली. डिस्क गोल्फ समजावून सांगण्याऐवजी मी पाळण्याला हवी असे सांगून सुटका करून घेतली. त्याने अभिनंदन केले.

साखळ्या टांगायला कडे हवे होते. वडिलांच्या सायकलीच्या मागच्या चाकाच्या रिमला स्पोकसाठी ४० भोके असतात हे मला लहानपणापासून माहीत होते, कारण ती रिम पुसण्याचे काम दर रविवारी माझ्याकडे असे. ती काढण्यापूर्वी मी आईची परवानगी घेतली नाही. घ्यायला हवी होती. तिने दोन दिवस अबोला धरला आणि मग स्वतःच सांगितले की निदान रिम गंजू देऊ नकोस, रंग दे. दर चौथ्या भोकाला एक अशा दहा साखळ्या लावल्या. त्यांच्यामधल्या फटींतून थाळी आरपार जाऊ लागली, तेव्हा आत लहान कडे घालून आणखी आठ टांगल्या. तळाला एका जुन्या उभ्या पंख्याची पुढची जाळी उलटी बसवली : ती वाडग्यासारखी खोलगट आहे, रिमएवढीच रुंद आहे आणि तिच्यात पावसाचे पाणी साचत नाही. हे सर्व एका लोखंडी पाइपवर आणि पाइप रंगाच्या बादलीत, निम्म्यापर्यंत भरलेल्या काँक्रीटमध्ये. थाळी नीट बसली की अठरा साखळ्या एकदम वाजतात, आणि त्या आवाजासाठी मी काय वाटेल ते करीन.

टोपली एकच असली तरी ठिय्ये नऊ आहेत, म्हणजे आमच्या हिशेबाने नऊ गली. भोकासाठी गोट्यांच्या खेळातला गल हा शब्द हाताशी असताना दुसरा शोधण्याचे कारण नव्हते. पहिली गल स्वयंपाकघराच्या पायरीवरून, कपड्यांच्या तारांखालून, सरळ. शेवटची सर्वांत लांब : पुढच्या झांप्यापासून (म्हणजे फाटकापासून) घराच्या कडेच्या पाच फुटी बोळातून परसात. तिच्यात एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खिडक्यांच्या जाळ्या असल्याने ती दोन फेकींत कोणी संपवली तर त्या दिवशी चहा तो करत नाही. मधल्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, चौथी सोडून.

चौथ्या गलीत आंबा आडवा येतो आणि वाट त्याला उजवीकडे वळसा घालून जाते. आमच्याकडे शिकायला राहिलेला माझा भाचा डावखुरा आहे. त्याची बॅकहँड फेक उलट दिशेने फिरते, म्हणून शेवटी आपसूक उजवीकडे वळते आणि आंब्याला हात लावल्यासारखी वळसा घेऊन टोपलीपाशी उतरते. मला तीच गल खेळायची तर थाळीची बाहेरची कड वर उचलून, तिला बळेच उजवीकडे कलवून सोडावे लागते, नाही तर मनगट झटकून फोरहँड फेकावी लागते, आणि माझे मनगट आता पंचावन्न वर्षांचे आहे. "मामा, आंबा मी लावलेला नाही," एवढेच तो म्हणतो. ठिय्या चार फूट सरकवावा असा ठराव मी दोनदा मांडला आणि दोनदा पडला.

ठराव मांडणे, तो वहीत लिहिणे, त्यावर मते घेणे हे कोणाला अति वाटेल, परंतु हे बडोदे आहे. १९२३ मध्ये इथल्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरवली. गावागणिक वेगळे असलेले नियम एकत्र करून लिहून काढल्याशिवाय असा सामना भरवता येत नाही. अंगणातल्या खेळाला कलमे लावण्याची परंपरा आमच्या दारात आधीपासूनच आहे. आमची कलमे मात्र जागेनेच लिहून घेतली. भिंतीपलीकडे थाळी गेल्यास एक फेक दंड, आणि आणायला फेकणाऱ्याने स्वतः जायचे, तेही दुपारी दोन ते चार सोडून. ओल्या कपड्याला लागल्यास तो पुन्हा पिळून घालायचा. थाळी हरवल्यास एक फेक दंड. तुळशीवृंदावनाला थाळी टेकलेली आढळल्यास दोन; हे कलम आईचे आहे आणि त्यावर मतदान झालेले नाही. वाद झाल्यास झोपाळ्यावर बसलेल्या व्यक्तीचा निर्णय अंतिम, आणि झोपाळ्यावर आईच बसते.

ऋतूंचेही आहेच. चैत्र-वैशाखात कैऱ्यांच्या फोडी वाळत पडतात तेव्हा मैदान बंद. उत्तरायणानंतर आठवडाभर साखळ्यांत गुंतलेला मांजा सोडवत बसावे लागते, आणि तो बोटे कापतो. मोकळ्या जागेचा शोध घेत मी एकदा विश्वामित्रीच्या काठचे नाव काढले होते, पण नदीत मगरी आहेत, आणि थाळी आणायला फेकणाऱ्याने स्वतः जायचे हे कलम त्यांना सांगणार कोण?

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला. आमच्याकडे पाणी गुडघाभर चढले. त्याच्या आदल्या दिवशी भर पावसात मुलगी आणि भाचा खेळत होते. सातव्या गलीवर भाच्याची मिडरेंज कोपऱ्यात साचलेल्या डबक्याच्या दिशेने गेली आणि दिसेनाशी झाली. त्याने हरवल्याचा एक दंड घेतला, माझ्याकडचा पटर उचलून डाव पुरा केला आणि एका फेकीने जिंकला. दुसऱ्या दिवशी खेळाचे कोणाच्या डोक्यातही नव्हते. फ्रिजखाली विटा घालण्यात आणि गाद्या वर नेण्यात दिवस गेला. पाणी ओसरल्यावर परसात बोटभर चिखल राहिला. टोपली तिरकी झाली होती, पण उभी होती.

तुळशीच्या लग्नाआधी आई वृंदावनाच्या पायाशी खुरप्याने माती सारखी करत होती. खुरप्याला काहीतरी लागले. मिडरेंज पायाच्या दगडाला टेकून, तीन बोटे खोल, चिखलात होती. आईने ती नळाखाली धुतली, पुसली आणि वही मागवली. टेकलेली आढळली म्हणजे दोन दंड, एक नव्हे. म्हणजे ऑगस्टचा तो डाव बरोबरीत. भाच्याचे म्हणणे असे की थाळी पडली डबक्यात आणि पुराने ती तिथे वाहून नेली. मुलगी म्हणते, या तबकड्या पाण्यात बुडतात, तरंगत नाहीत, आणि ही गोष्ट त्यानेच पाण्याच्या पिंपात टाकून सर्वांना दाखवली होती. आईने निर्णय राखून ठेवला आहे. वहीत त्या दिवसाचा निकाल अजून पेन्सिलीने लिहिलेला आहे.